चौथा तुकडा

रविवार, ८ फेब्रुवारी

आधी एक दुरुस्ती. मंगळवारी, ३ तारखेला, मी या वहीत लिहिलं की दुपारी पुढच्या खोलीत मी एकटीच होते आणि कागद दुमडता दुमडता मला बेरीज सुचली. मी एकटी नव्हते. वहिनी होती, दादाही होता. वेळही दुपारची नव्हती. साडेपाच वाजून गेले होते, कारण दादाचा संध्याकाळचा चहा घेऊन मी तिथे आले होते. चुकीचं वाक्य खोडलेलं नाही. खोडलं तर पुढे मलाच वाटेल की तिथे आणखी काहीतरी भयंकर होतं.

झालं ते असं. बाईंनी, म्हणजे आमच्या कॉलेजच्या गणित विभागाच्या प्रमुखांनी, सोमवारी फळ्यावर लिहिलं होतं: १/४ + १/१६ + १/६४ + … आणि असंच न संपता पुढे. म्हणाल्या, "अनंत श्रेढीचं सूत्र सगळ्यांना पाठ आहे. ते विसरा. सूत्र न वापरता बेरीज काढा, आणि अशी काढा की घरच्या माणसाला पटली पाहिजे." मी दोन दिवस पानं खराब करत होते.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे बाइंडिंगचं दुकान. दादा कापतो, आई खळ लावते, वहिनी शिवते. त्या दिवशी नक्षीच्या कागदाचा एकच ताव उरला होता, वीस इंच लांब, आणि तीन वह्यांना सारखा पुरवायचा होता. वहिनी तो दुमडत बसली होती. दादा म्हणाला, "अगं, पट्टी लटकतेय भिंतीला. घे की."

"विसाचे तीन सारखे भाग तुमच्या पट्टीवर कुठे लिहिलेत ते दाखवा, मग घेते."

दादा हसला. "मग तू कशी करणार, इंजिनेर?"

"तीन करणं अवघड, चार करणं सोपं. दोनदा दुमडलं की चार. तिघांना एकेक दिला. राहिला चौथा. आता हा चौथा म्हणजे काय? पुन्हा तावच की. लहान आहे एवढंच. त्याचे पुन्हा चार. तिघांना एकेक. बाकी राहील तो पुन्हा ताव."

"आणि हे किती वेळ करत बसणार?"

"चार वेळा केलं की सुताच्या आत येतं." सूत म्हणजे आमच्याकडे इंचाचा आठवा भाग. "पण जन्मभर कुणी करत बसलंच, तर तिघांना अगदी सारखं जाईल आणि उरणार काहीच नाही."

माझ्या हातात चहा तसाच राहिला. मी आत गेले आणि लिहिलं: बेरजेला ब म्हणू. ब मधला पहिला पाव बाजूला काढला, तर उरतं ते ब सारखंच, फक्त चौथाई. म्हणून ब = १/४ + ब/४. चारने गुणलं: ४ब = १ + ब. म्हणजे ३ब = १. ब = एक तृतीयांश. पाच ओळी.

तेव्हा दुरुस्ती अशी: घडी वहिनीची, समीकरण माझं. हे मी निवाडा करावा तसं लिहिते आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी

बाईंना टिपण दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. "हे तुला कसं सुचलं?"

मी म्हणाले, "आमच्या घरी बाइंडिंगचं काम आहे. कागद दुमडताना बघून."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. कागद दुमडला जात होता. मी बघत होते. घरी येईपर्यंत हे वाक्य मी वीसेक वेळा तपासलं, आणि त्यात खोटा शब्द सापडला नाही. तरी ते वाक्य पायात खडा गेल्यासारखं टोचत राहिलं.

टिपण विभागाच्या वार्षिक अंकात जाणार आहे. बाई म्हणाल्या, "घडीची आकृती काढून दे. त्या आकृतीतच सगळी मजा आहे."

सगळी? समीकरणात काहीच नाही?

रविवार, १५ फेब्रुवारी

आज आईने "सूनबाई" अकरा वेळा म्हटलं, माझं नाव चार वेळा. (दुपारी मी तीन तास वाचनालयात होते, म्हणजे तुलना पुरती न्याय्य नाही.)

मला वहिनीचा राग येत नाही. ती कधी वाकडं बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून मला "वन्सं" आणि "तुम्ही" म्हणते, माझ्याहून एक वर्षाने मोठी असून. माझं ताट आधी वाढते. राग येईल असं ती काहीच करत नाही, आणि नेमकं तेच मला सहन होत नाही.

खरं कारण लिहून ठेवते. बाबांनी एकदा एका वकिलाचं जाड इंग्रजी पुस्तक बांधलं. त्यातला मधला सोळा पानांचा एक जुज (बाइंडिंगमध्ये एकत्र शिवतात त्या पानांच्या घडीला आम्ही जुज म्हणतो) उलटा शिवला गेला. मराठी छापलेलं असतं तर चुकले नसते. मराठीत अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. ते न शिकलेल्यालाही दिसतं. आमच्या घरात त्यात कधी कुणी फसलेलं नाही. पण इंग्रजीला रेघ नाही. वकिलाने ते पुस्तक चार लोकांसमोर उघडून दाखवलं आणि हसला. बाबा घरी आले आणि म्हणाले, "घरात एकाला तरी सुलट-उलट कळायला पाहिजे." दादा तेव्हा बारा वर्षांचा, कामाला लागलेला. मी सहाची. दुसऱ्या दिवशी मला शाळेत घातलं.

म्हणजे माझं सगळं शिक्षण एका उलट्या जुजातून निघालं आहे. मी शाळेतून आले की बाबा, दादा, आई सगळे हातातलं काम ठेवून थांबायचे. मी दप्तर न काढताच इंग्रजी पानं बघायची आणि सांगायची, "हे सुलट. हे उलट." बाबा मग म्हणायचे, "चला, मॅडम आल्या, आता सुई चालू द्या." मॅट्रिक झाले, पदवी झाली, आता दुसरी पदवी होत आली, बाबा गेले, पण संध्याकाळी माझी वाट बघायची ती रीत राहिली होती.

वहिनी आली आणि पहिल्याच महिन्यात म्हणाली, "वन्संची वाट कशाला बघायची? हे बघा. ह्या अक्षरांत वर हात करणारी पुष्कळ आहेत, खाली पाय सोडणारी थोडी. हात वर असले की सुलट."

मी पन्नास ओळी मोजून पाहिल्या. तिचं बरोबर आहे. सतरा वर्षं मी ते वाचत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

तेव्हापासून संध्याकाळी मी आले तरी सुया चालूच असतात. आई म्हणते, "आलीस? हात धुऊन घे."

शुक्रवार, २० फेब्रुवारी

मोठी बातमी. विभागात एका वर्षासाठी शिकवण्याची जागा निघाली आहे. बाईंनी माझं नाव सुचवलं. सोमवार, १६ मार्च, सकाळी अकरा वाजता नमुना पाठ द्यायचा: विषय माझाच, बीजगणिताने अनंत श्रेढीची बेरीज. समोर तीन परीक्षक बसतील. ही जागा मिळाली तर आमच्या घरातलं पहिलं माणूस खुर्चीवर बसून काम करणारं होईल. (शिकवताना उभंच राहतात, पण खुर्ची असते.)

बाईंनी एक प्रश्नही दिला. "हीच युक्ती १ + २ + ४ + ८ + … ला लावून बघ. काय येतं आणि का येतं, हे पाठात आलं पाहिजे. परीक्षक हेच विचारणार."

घरी सांगितलं. दादाने मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. "आमची मास्तरीण!" आई डोळे पुसायला लागली. वहिनीने विचारलं, "कुठल्या विषयावर बोलायचं आहे, वन्सं?"

मी म्हणाले, "तुला सांगून कळायचं नाही. बीजगणित आहे."

हे मी का म्हणाले? ती फक्त विचारत होती.

रविवार, २२ फेब्रुवारी

लावून पाहिली. ब = १ + २ + ४ + ८ + … पहिला एक बाजूला काढला तर उरतं ते ब च्या दुप्पट. ब = १ + २ब. म्हणून ब = उणे एक.

वाढत जाणारे ढीगभर आकडे मिळवले आणि बेरीज शून्याच्याही खाली. प्रत्येक पायरी तिसऱ्यांदा तपासली. एकही चूक नाही आणि उत्तर हास्यास्पद.

पुस्तकात याचं उत्तर आहे, मला माहीत आहे. अभिसारी आणि अपसारी हे शब्द मी परीक्षेत चार वेळा लिहिले आहेत. पण पुस्तकातला शब्द परीक्षकांसमोर फेकणं वेगळं, आणि माझ्या पाच ओळींतली नेमकी कोणती ओळ इथे मोडते ते बोट ठेवून दाखवणं वेगळं. ते मला येईना.

दुपारी वहिनी एकटीच सुईत दोरा ओवत होती. मी सहज विचारल्यासारखं केलं. (सहज नव्हतं. दाराशी दोनदा येऊन परत गेले होते.) "वहिनी, एक गंमत सांगू? समज पहिल्या गिऱ्हाइकाला एक ताव दिला, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, मग आठ, असं न संपता. सगळे मिळून किती? हिशेब करतात ते म्हणतात, उणे एक."

तिने दोरा दातात धरला होता तो सोडला आणि इतकी हसली की आई आतून म्हणाली, "काय झालं गं?"

"म्हणजे सगळ्या जगाला ताव वाटून वर आपल्यालाच एकाची तूट! कुणी केला हिशेब?"

"आहेत असे लोक."

"त्यांनी बाकी बघितलीच नाही, वन्सं. माझ्या घडीत चौथा तुकडा दर वेळी लहान होतो. शेवटी चिमटीत येत नाही, म्हणून मी म्हणते, संपला, वाटणी पुरी झाली. ह्यांची बाकी दर वेळी मोठी. घरात मावेना. जे पुरं होतच नाही त्याला आधीच नाव देऊन बसले, मग नाव वाट्टेल ते सांगणारच."

मोडते ती पहिलीच ओळ. "बेरजेला ब म्हणू." जी मी माझी म्हणून जपली होती, तीच.

मग तिने विचारलं, "नाव काय देतात हो त्याला?"

"ब."

"ब कशाचा?"

"बेरजेचा."

"मला वाटलं बाकीचा," ती म्हणाली आणि शिवायला लागली.

मी आत येऊन दार लावलं. माझा अक्षरशः तिळपापड झाला. चौथी नापासही नाही ती, शाळेत गेलेलीच नाही. मी रात्रंदिवस घासून जे मिळवते ते तिला दोरा ओवताना मिळतं. देवाने असं वाटप कुठल्या घडीने केलं?

शनिवार, २८ फेब्रुवारी

किरकोळ, पण लिहून ठेवते. माझ्या वह्या आणि गिऱ्हाइकांच्या वह्या मांडणीवर एकत्र झाल्या होत्या, तीसेक तरी, सगळ्यांना एकसारखी तपकिरी कव्हरं. मी आतली नावं बघत शोधत होते. वहिनीने येता येता त्यातल्या बरोबर माझ्या चार काढून दिल्या. कुठल्याशा डागावरून ओळखल्या असतील.

नंतर मला म्हणाली, "वन्सं, तुमचं नाव लिहायला किती सोपं आहे ना. तीनच अक्षरं." मी म्हटलं, हो. मला वाटतं तिला बोलायला काहीतरी हवं होतं. मी कामात होते.

गुरुवार, ५ मार्च

विभागाच्या अंकाचे छापील ताव बाइंडिंगला आमच्याकडेच आले. हे काम मीच मिळवून दिलं. तेव्हा फार अभिमान वाटला होता. दोनशे प्रती. माझं टिपण तिसऱ्या जुजात आहे.

हे वहिनीच्या हातात जाणार, हे मला तीन आठवड्यांपासून माहीत असायला हवं होतं. मी विचारच केला नाही. किंवा केला आणि वहीत लिहिला नाही. कोणतं खरं, मला आता सांगता येत नाही.

संध्याकाळी वहिनीने हाक मारली. तिच्या मांडीवर तिसरा जुज उघडा होता. "वन्सं, ही माझी घडी!" चेहरा असा की जत्रेत हरवलेलं मूल सापडावं. "हा लांब ताव, हे चार, हा चौथा, त्याचे पुन्हा चार. छापली! खाली काय लिहिलंय?"

"आकृती एक."

"आणि हे वर?"

वर मथळा होता, आणि मथळ्याखाली माझं नाव.

"मथळा आहे. 'एका घडीची बेरीज'."

"दोन ओळी आहेत."

"मथळा दोन ओळींचा आहे," मी म्हणाले.

तिने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तीन अक्षरं आणि आडनाव. बोट बराच वेळ तिथेच राहिलं. मग म्हणाली, "हं. छान आहे मथळा." आणि जुज मिटून ढिगावर ठेवला.

बरं झालं तिला वाचता येत नाही. हे वाक्य लिहिलं आणि आता पुसावंसं वाटतंय. पुसत नाही.

शनिवार, ७ मार्च

वहिनी दोन दिवस कमी बोलते आहे. कामाचा ताण असेल. दोनशे प्रती म्हणजे थोडं नाही.

आज नमुना पाठाची तयारी. "बाकी शून्याकडे गेली पाहिजे, तरच बेरजेला नाव देता येतं." परीक्षक खूष होतील. हे वाक्य मी कुठून आणलं असं कुणी विचारलं तर म्हणायचं: विचार करता करता. मी विचार केलाच होता. दार लावून केला होता.

सोमवार, ९ मार्च

अंक तयार, कव्हरावर कॉलेजचा दिवा. वहिनीने एक प्रत वेगळी काढून ठेवली होती, पदराने पुसून माझ्या हातात दिली. "ही तुमची, वन्सं. हिचा टाका न् टाका मी घातलाय."

आत जाऊन उघडली. तिसरा जुज उलटा शिवला आहे. बाकी सगळी पानं सुलट, आणि माझं टिपण, माझं नाव, माझी आकृती डोक्यावर उभी.

पहिल्यांदा काय वाटलं ते प्रामाणिकपणे लिहिते: बरं वाटलं. आनंदच झाला. शेवटी चुकलीच की. एवढी हुशार, आणि सुलट-उलटात फसली. बाबांची चूक, अठरा वर्षांनी, तिच्या हातून. मग लाज वाटली. बिचारी. घाईत झालं असणार.

मग भीती वाटली की सगळ्याच प्रती अशा असतील तर? बाकीच्या एकशे नव्व्याण्णव मी एकेक उघडून पाहिल्या. दोन तास गेले. एकही उलटी नाही. म्हणजे चूक एकदाच झाली, आणि नशीब की माझ्याच प्रतीत झाली. दुसऱ्या कुणाकडे गेली असती तर दुकानाची शोभा झाली असती.

वहिनीला सांगितलं, हळूच, ओशाळू नये म्हणून. "तिसरा जुज उलटा झालाय गं माझ्यात. असू दे, होतं घाईत."

तिने मान वर केली नाही. "उलटा झाला का? असेल. तुम्हाला वाचता येतं, वन्सं. कुठलं सुलट ते तुम्हीच सांगायचं."

"मी सांगितलंच असतं, विचारलं असतंस तर."

"विचारलं होतं मी," ती म्हणाली.

कधी विचारलं होतं? मी मागची पानं चाळली. इंग्रजी जुजांबद्दल तिने वर्षभरात एकदाही विचारलेलं नाही. तिचा काहीतरी गोंधळ होतो आहे.

बुधवार, ११ मार्च

आज चार वाजता घरच्यांसमोर पाठाची रंगीत तालीम केली. बाई म्हणाल्या होत्या ना, घरच्या माणसाला पटली पाहिजे. आई खुर्चीवर, दादा पुठ्ठ्यांच्या थप्पीवर, वहिनी खाली, हातात शिवण. मी भिंतीपाशी उभी, हातात माझा अंक.

सुरुवात टिपण वाचून करायची होती. तिसरा जुज उघडला. उलटा, म्हणून अंक फिरवून धरला आणि वाचायला लागले. दोन ओळी झाल्या असतील नसतील, आई म्हणाली, "अगं, पुस्तक उलटं धरलंयस."

"नाही गं आई. सुलटच आहे."

"सुलट काय? कव्हरावरचा दिवा खाली डोकं करून लोंबतोय! रेघा सगळ्या अक्षरांच्या पायाखाली. आंधळीलाही दिसेल." तिने दादाकडे पाहिलं. "एवढी शिकवली बापाने, आणि पुस्तक उलटं धरते."

दादा मांडीवर थाप मारून हसला. "मॅडम, परीक्षकांसमोर असं करू नका हं. वकील पुन्हा हसेल."

वहिनी हसली नाही. एरवी दादाच्या फालतू विनोदालाही ती हसते. सुई खाली ठेवून ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. सुताचा फरक राहिला आहे की गेला, हे बघताना ती तावाकडे बघते तशी.

मी अंक पुन्हा फिरवला. या प्रतीत बाकीचं सगळं सुलट ठेवायचं तर माझं नाव उलटं होतं. माझं नाव सुलट वाचायचं तर सगळं पुस्तक उलटं धरावं लागतं. तिसरा काही मार्ग नाही. मी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. सहा वर्षांची असल्यापासून मला या घरात एकच काम दिलं आहे, आणि ते मला आज भरल्या खोलीत सांगता येईना.

म्हणून आता सगळ्या दुरुस्त्या एकदम करते.

३ फेब्रुवारीला मला काही सुचलं नाही. ८ तारखेची दुरुस्तीही अपुरी होती: घडी वहिनीची हे खरं, पण "उरतं ते पुन्हा तेच, लहान" हेही तिचंच, आणि समीकरण म्हणजे तेवढंच आहे. मी त्याला ब हे अक्षर दिलं. ते अक्षर देणं ही काही अगदी क्षुल्लक गोष्ट नाही, हेही लिहिते, कारण स्वतःवर खोटा आळ घेणं हाही खोटेपणाच. पण कधी ते देता येतं आणि कधी नाही, हे २२ फेब्रुवारीला तिने सांगितलं. ११ तारखेला बाईंना मी जे वाक्य म्हणाले त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि ते वाक्य खोटं होतं. ५ मार्चला मथळा एकाच ओळीचा होता.

जळणं गेलेलं नाही. आत्ता हे लिहितानाही आई तिला आतून "सूनबाई" म्हणून हाक मारते आहे आणि मी मोजते आहे. कदाचित दर वेळी पाव उरेल, मग पावाचा पाव. कदाचित ही दुसऱ्या जातीची श्रेढी असेल आणि घरात मावणार नाही. आधीच नाव देत नाही.

नमुना पाठ सोमवारी आहे. पाठ झाल्यावर सांगितलं तर ती जागा मिळवून मग केलेली कबुली होईल. म्हणून आधी सांगायचं. कदाचित बाई माझं नाव मागे घेतील. अंकही छापून झाला आहे. दुरुस्तीची चिठ्ठी छापून आत चिकटवावी लागेल. दोनशे चिठ्ठ्या. खळ मी लावीन.

इथवर लिहून वही मांडणीवर ठेवली होती. जेवणं झाल्यावर पुढच्या खोलीत गेले. वहिनी एकटी होती. मी म्हणाले, "वहिनी, परवा माझ्याबरोबर कॉलेजात येशील? बाईंना घडी दाखवायची आहे. तू दाखवायची."

मला वाटलं ती विचारेल, का, कशाला, मला काय कळतं. ती म्हणाली, "साधा ताव आणू की नक्षीचा?"

"नक्षीचा आण."

"आणि चिठ्ठीवर माझं नाव कसं लिहायचं ते मला आधी दाखवा. मी बघून घेईन बरोबर आहे का."

"तुला कसं कळेल बरोबर आहे का?"

तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाली, "तुमचं कळलं तसं."

मी याचा अर्थ आता तासभर लावते आहे. चिठ्ठीचं तिला कुणी सांगितलं? मी तर फक्त या वहीत लिहिलं आहे, आणि वही मांडणीवर असते, तपकिरी कव्हरांच्या ढिगात.

बाईंना भेटायची वेळ लिहून ठेवते: शुक्रवार, १३ मार्च. सकाळी साडेदहा. बाईंची खोली.